डाव्या हाताचा उजेड

खुर्चीची गादी कोमट होती. खाली घरंगळलेलं रीळ उचलायला मी वाकले, आधारासाठी सहज हात टेकला आणि तो हात तिथेच राहिला. ऊन म्हणावं तर दुपारी त्या बाजूला ऊन येत नाही; मांजर म्हणावं तर आमच्या जिन्यात मांजर फिरकत नाही. नवरा कामावर गेलेला. मुठू आतल्या खोलीत झोपलेली. तिच्या श्वासाची ती बारीक शिट्टी ऐकू येत होती, जी कानावर असल्याशिवाय मला कुठल्याच खोलीत धड बसवत नाही. मी सकाळपासून समोर, माझ्या खुर्चीत. आणि या खुर्चीत कुणी बसतच नाही. ती बसायला आणलेली नाही, फोटोसाठी आणलेली आहे. मी हात काढून घेतला, तळवा गालाला लावून पाहिला, आणि मग स्वतःलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "चला, कामाला लागा." पण रीळ उचललं नाही. ते तिच्या पायाशी पडलं होतं. पायाशी असं मनात आलं, आणि मग लक्षात आलं की तिथे पाय नाहीत.

फोटो अनुदानाच्या अर्जासाठी हवा होता. कामाची जागा, बसायच्या सगळ्या जागा दिसतील अशी. मी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे कपडे शिवते. सांगितलं की लोकांना आधी कळतच नाही. मग मी हात पुढे धरते, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत: एवढं झबलं. समोरून पूर्ण उघडणारं, कारण एवढ्याशा डोक्यावरून काही चढवता येत नाही. बटणं नाहीत, बांधायचे बंद. शिवणी बाहेरच्या अंगाला, कारण ती कातडी दोऱ्याचासुद्धा वळ धरते. आणि काखेखाली, बेंबीपाशी, पावलापाशी फटी, नळ्या आणि वायरी बाहेर काढायला. असे कपडे दुकानात मिळत नाहीत हे मला मुठू झाली तेव्हा कळलं. मुठू हे काही तिचं खरं नाव नव्हे. काचेच्या पेटीत डोकावून नवरा एवढंच म्हणाला होता, "मूठभर आहे गं," आणि तोंड फिरवून भिंतीवरची हात धुण्याची सूचना वाचत राहिला होता, खूप वेळ, जणू ती फार मोठी सूचना होती. घरून नेलेलं सगळ्यात लहान झबलं तिच्यावर पांघरुणासारखं पडलं. ते मी तिथल्या बाकावर बसून उसवलं आणि बेतून पुन्हा शिवलं. शेजारच्या बाईनं मागितलं, मग तिच्या शेजारणीनं. असा माझा धंदा सुरू झाला. आता मुठू बोलते, भांडते, जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उड्या मारत उतरते, आणि मी इस्पितळाला कपडे पुरवते. जेवढे एका जुन्या मशीनवर, एका पोरीच्या झोपेत शिवून होतात तेवढे.

तेवढे पुरत नव्हते. मोठ्या सिस्टरनं मला बोलावून सांगितलं, वर्षभराचं काम एकाच ठिकाणी द्यायचं ठरलंय, तुझं काम चांगलं आहे, पण सगळं तू देणार असशील तर. "आणि दोन्ही प्रकार लागतील हं. फटीवाले, आणि बिनफटीचे." मी म्हटलं, "बिनफटीचे कशाला? नळ्या कुठून काढणार?" सिस्टर टेबलावरचा कागद उगाच सरळ करत राहिली. "त्यांना नळ्या नसतात गं," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "आईबापांना शेवटचं नीट काहीतरी घालून हातात देता आलं पाहिजे ना. आम्ही सध्या कापूस आणि रुमालावर भागवतो." मी होकार दिला. घरी आले, कापड घेतलं, खडूनं आखलं, कात्री लावली, आणि हात चालेना. फटीवाल्या झबल्यात मी प्रत्येक फटीला काज केल्यासारखी दुहेरी कड घालते. तेच माझं काम, तीच माझी ओळख. हे कापड नुसतंच होतं. सोपं होतं. एवढं सोपं काही मी कधी शिवलं नव्हतं, आणि तेच माझ्याच्यानं होईना. आखलेले तुकडे मी टोपलीत खाली ठेवून दिले. हे काम हातचं गेलं तर मला परत कपड्यांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जावं लागणार होतं, मुठू उठायच्या आधी घराबाहेर. मी हे नवऱ्याला बोलले नाही. तो मला बोलला नाही. पण तो रोज घरी आला की आधी टोपलीकडे बघायचा.

दुसरं मशीन हवं होतं, चांगलं, कडा आपोआप शिवणारं, आणि ते आमच्यासारख्यांना कुठून परवडणार? म्हणून अनुदान. अनुदान शोधणं हे अंधारात बाळाचा मोजा शोधण्यासारखं आहे. आहे हे नक्की, पण हाताला लागतो तो दुसऱ्याच जोडातला. एक योजना मशीन असलेल्यांना मशीन देत होती. एकीला वय कमी हवं होतं आणि अनुभव जास्त. एक तर अगदी मला समोर बसवून लिहिल्यासारखी होती, फक्त मागच्या वर्षीची. मुठू झोपली की मी फोनवर ती पानं बघत बसायचे. एका कार्यालयाचा नंबर लावला की पलीकडून कुणीतरी उचलायचं, माझं सगळं ऐकून घ्यायचं, आणि एक शब्द न बोलता ठेवून द्यायचं. मी पुन्हा लावायचे, पुन्हा सगळं सांगायचे. तिसऱ्यांदा मला वाटलं, पलीकडे कुणी नुसतं ऐकायलाच बसलेलं आहे, आणि मी सांगते आहे म्हणूनच आहे. त्यानंतर मी तो नंबर लावला नाही.

शेवटी लघुउद्योगाच्या मदत केंद्रात गेले. तिथे खिडकीमागे एक वयस्क बाई बसतात. मी मनात त्यांना अर्जबाई म्हणते. गालात सतत खोकल्याची गोळी, चष्मा दोरीला, आणि बोलताना समोरच्या माणसाच्या कागदाकडे बघायची सवय. "कितीजणी काम करता?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"एकटी? मग हा उद्योग नव्हे गं, छंद झाला. ही योजना रोजगार देणाऱ्यांची आहे. दुसरी बाई कुठाय?"

"मशीन आलं की ठेवीन ना."

"आणि दुसरी असली की मशीन येईल." त्यांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. "हसू नकोस. माझा जन्म गेलाय या खिडकीत. आहे म्हणून लिही."

"खोटं लिहू?"

"खोटं कशाला? आगाऊ खरं. मशीन आल्यावर ठेवणारच आहेस ना? मग आजच लिहायला काय जातं? सरकार स्वप्नाला पैसे देत नाही, चालत्या गाडीला देतं. आणि हे बघ, नुसतं 'एक महिला कारागीर' असं खरडू नकोस. वरचे लोक ओळखतात. अशा पुष्कळ बायका पाहिल्यात त्यांनी, नुसत्या कागदावरच्या. तुझी जिवंत वाटली पाहिजे." मी निघाले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "आणि एक. एकदा लिहिलीस की खोडायची नाही. खोडलेलं बाईमाणूस फार वाईट दिसतं."

मी लिहायला बसले ते मुठूच्या झोपेत, भात शिजेपर्यंत, नवरा आंघोळीला गेला तेवढ्यात. अर्जात एक प्रश्न होता: जागा दोघींना पुरेशी आहे का, उजेड आहे का. आमची पुढची खोली अरुंद, खिडकी एकच, टेबल त्या खिडकीला काटकोनात लावलेलं. माझ्या डाव्या हाताला खिडकी येते, त्यामुळे उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही. पण समोर कुणी बसलं तर तिला खिडकी उजवीकडून येणार, आणि तिच्या स्वतःच्याच हाताची सावली सुईवर पडणार. शिवणकामात ही काही बारीकसारीक गोष्ट नाही. पांढऱ्यावर पांढरा दोरा ज्यानं घातलाय त्याला विचारा. मी टेबल मनातल्या मनात फिरवून पाहिलं, कुठेच बसेना. मग सुचलं. मी लिहिलं: दुसरी कारागीर डावखुरी आहे, त्यामुळे एका खिडकीच्या उजेडात दोघी समोरासमोर बसून काम करतात. लिहिलं आणि मलाच इतकं पटलं की मी उठून समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. एका डाव्या हातानं सगळं जुळलं होतं. मग पुढचं आपोआप येत गेलं. ती कमी बोलते. घाई करत नाही. दोरा दातानं तोडत नाही, कात्रीनंच कापते. आणि कामाची वाटणी या रकान्यात मी लिहिलं, फटीवाले कपडे मालकीण स्वतः शिवते, बिनफटीचे, ती. पेन उचलून मी पंख्याकडे बघत राहिले. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. कुणीतरी घेतलं होतं माझ्याकडून.

लिहिलेलं मी मुठूला वाचून दाखवायचे. तिला भरवताना काहीतरी वाचावंच लागतं, आणि गोष्टींची पुस्तकं तिला पाठ झालेली. "मग ती मावशी कुठे बसते?" ती घास गालात धरून विचारायची. "इथे." "मग तिला बाळ आहे?" मी म्हणायचे, "गीळ आधी." ते अर्जात विचारलेलं नव्हतं.

फोटोसाठी नवऱ्यानं जुन्या बाजारातून खुर्ची आणली. मग तिला गादी लागली, कारण फोटोत नुसती खुर्ची वाटेना. साहित्याच्या यादीत मी डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री असं लिहून बसले होते, म्हणून ती कात्रीही आणली. दुकानदाराला ती मागच्या कप्प्यातून, धूळ झटकून काढावी लागली. डावखुऱ्यांची कात्री उलटी असते; आपण धरली तर पाती कापडाला नुसती चावत राहतात, कापत नाहीत. नवऱ्याला या सगळ्याची भारी गंमत. घरात शिरता शिरता रिकाम्या खुर्चीला म्हणायचा, "काय मावशी, पगार वेळेवर मिळतो ना? आमची मालकीणबाई जरा चिकट आहे." मुठू खिदळायची. चहा करताना विचारायचा, "त्यांना साखर किती?" मीही हसायचे. पण एकदा तो जिन्यातून वर आला आणि दारातच थांबला. चपला काढल्या नाहीत. "कोण आलं होतं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. का?"

"नाही, जिन्यात आवाज येत होते. मशीनचा, आणि त्याच्याबरोबर कात्रीचा."

"मशीन मी चालवत होते."

"मग कात्री?"

दोन्ही हात मशीनवर असतात, हे त्यालाही माहीत आहे. तो आत आला, टेबलाकडे एकदा बघितलं, आणि खुर्चीला काही बोलला नाही. त्या दिवसापासून त्यानं ती गंमत बंद केली, आणि गंमत बंद झाल्यावर खोलीत एक माणूस वाढल्यासारखं झालं.

गादी कोमट लागली त्या दिवशी मी टोपली उपसली. वर माझे कपडे, घडी घालून, फटींच्या दुहेरी कडा वर दिसतील असे. तळाशी मी आखून ठेवलेले तुकडे असायला हवे होते. तुकडे नव्हते. झबली होती. बिनफटीची, पूर्ण झालेली, शिवणी बाहेरच्या अंगाला, टाके इतके बारीक की मी नखानं चाचपून मोजायला लागले आणि मध्येच थांबले. बंदांची टोकं तिरकी कापलेली. मीही तिरकीच कापते, दोरे सुटू नयेत म्हणून. पण माझा तिरका काप वरून उजवीकडे उतरतो. हा डावीकडे उतरत होता. मी एक झबलं उचललं आणि ते माझ्या तळहातावर असं बसलं, जसं कुणी झोपून गेलंय. मला भीती वाटायला हवी होती. वाटली, पण आधी दुसरंच वाटलं. वाटलं, किती छान केलंय गं. अर्धवट झोपेत मीच शिवली असतील, असं मी स्वतःला समजावलं. आईपणाच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत माणूस झोपेत दूध तापवतं, झोपेत कपडे वाळत घालतं, सकाळी उठून बघतं तर सगळं झालेलं. पण झोपेत कुणी डावखुरं होतं का?

आणि तेव्हा मला तो हात आठवला. डावखुरी मी उजेडासाठी सुचवली असं मी धरून चालले होते. पण त्याआधी तो हात होता. काचेच्या पेट्यांच्या त्या खोलीत, मुठूच्या शेजारची पेटी भिंतीला लागून ठेवलेली. पेटीला दोन बाजूंनी हात घालायची गोल दारं असतात, पण भिंतीमुळे तिची एकच बाजू मोकळी होती. आणि त्या बाजूनं एका बाईचा डावा हात दिवसभर आत असायचा. मधल्या काचांमुळे आणि तोंडावर बांधलेल्या कापडामुळे तिचा चेहरा मी कधी पाहिलाच नाही. हात मात्र रोज. ती बाळाला थोपटायची नाही, तेवढंसुद्धा त्याला सोसलं नसतं. नुसता तळवा त्याच्या डोक्याच्या वर धरून ठेवायची, न टेकवता, उजेडावर सावली धरावी तसा. मला वाटायचं, हिचा खांदा भरून येत नसेल? मी मुठूच्या पेटीत उजवा हात घालून तसाच धरून बघायचे. आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. दोन हात समोरासमोर, एकाच खिडकीच्या उजेडात. मग एका सकाळी ती पेटी पुसलेली होती. काच इतकी स्वच्छ, की तिच्यातून थेट भिंत दिसत होती, आणि आतल्या चादरीला घडीच्या रेघा होत्या. बाकाखाली एक चुरगळलेला रुमाल पडला होता. मी तो उचलून बाकावर ठेवला, कुणी परत आलं तर असावा म्हणून. कुणी आलं नाही.

हे आठवल्यावर मी मदत केंद्रात गेले. अर्जबाईंना म्हटलं, "ती दुसरी बाई काढून टाकायची आहे."

"का? पटत नाही का तुमचं?" त्या हसल्या, मग मी हसत नाही असं कळल्यावर हसणं आवरलं. "अगं, अर्ज वर गेला. आता पाहणीला माणूस येणार. दोन हात चालताना दिसले की झालं."

"दोन नाही, चार."

"तेच गं. कुणालातरी बसव की. बहीण, जाऊ, शेजारीण?"

"डावखुरी हवी."

त्यांनी पहिल्यांदा कागदावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "असं कशाला लिहिलंस?" मी उजेडाचं सांगायला लागले, खिडकीचं, सावलीचं. त्या ऐकत होत्या, पण मला वाटलं की त्या फोनवरच्या त्या माणसासारख्या ऐकत आहेत, नुसत्या. "फार जिवंत केलीस," त्या हळूच म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

पाहणीवाले साहेब आले ते भर दुपारी, न सांगता. मुठू नुकतीच झोपेतून उठली होती, एक वेणी सुटलेली, एक पायमोजा गायब. साहेब दार अडवून उभे राहिले, उंच, खांद्याला कापडी पिशवी, आणि चपला बाहेर काढू की नको हे न कळून एक काढलेली, एक पायात. "ताई, फार वेळ घेत नाही," ते म्हणाले. "मशीन कुठे ठेवणार, तेवढं बघतो, आणि दोघींना काम करताना बघतो. की निघालो." मी त्यांना पाणी दिलं. खोली दाखवली, खिडकी दाखवली. ते टेबलाच्या टोकाशी उभे राहिले, एकदा माझ्या बाजूनं हात उजेडात धरून पाहिला, एकदा तिच्या बाजूनं. "खरंच की," ते स्वतःशीच म्हणाले. "डावाच हात लागेल." मग टोपलीत हात घातला. फटीवाली झबली बघितली, मान डोलावली, आणि खालचं एक उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. "याला फटी नाहीत."

"नाहीत."

बाहेर कुणीतरी बादली ओतल्याचा आवाज आला. त्यांनी झबल्याचे बंद एकेक करून बांधले, मोठ्या बोटांनी, सुरगाठीची दोन पानं सारखी होईपर्यंत ओढून, जसं आत कुणी असताना बांधतात. "आमच्या वेळेला असं काही नव्हतं," ते म्हणाले. "रुमाल होता. माझाच." आणि मग, कार्यालयातला आवाज परत आणत, "हे कोण करतं?"

"ती करते."

"कुठायत त्या?"

मी तोंड उघडलं. बाहेर गेलीय, आजारी आहे, गावाला गेलीय. सगळं जिभेवर होतं, आणि यातलं काहीही सांगितलं असतं तर चाललं असतं. साहेबांनी गादीवर पडलेलं दोऱ्याचं पांढरं कातरण चिमटीत उचललं. "आत्ताच उठलेल्या दिसतात," ते म्हणाले. "मी थांबतो. बघितल्याशिवाय दोघी लिहिता येत नाही मला, आणि दोघी लिहिल्याशिवाय ते मशीन देत नाहीत. थांबतो मी. घाई नाही." ते दाराजवळच्या स्टुलावर बसले, ते झबलं गुडघ्यावर तसंच धरून. घाई नाही असं म्हणणारा माणूस खरोखर घाईत नसला की किती भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं. तो खरंच थांबणार होता. तो बहुतेक फार दिवस थांबलेला होता.

मुठू जमिनीवर रिकाम्या रिळांची आगगाडी करत होती. मी माझ्या खुर्चीपाशी उभी होते. माझं काम तिथे पडलं होतं, एका फटीची अर्धी कड घातलेलं, सुई तशीच खोवलेली. मला वाटलं, इथे बसावं, हेच शिवावं, आणि त्यांना सांगावं की एकच आहे. मग कारखाना, पहाटेचा अंधार, झोपलेल्या मुठूच्या कपाळावर ओठ टेकवून निघणं. आणि दुसरं वाटलं की कुणीतरी हे शिवलंच पाहिजे. पेटीतल्या त्या डाव्या हाताला नुसता रुमालच मिळाला होता. मी टेबलाला वळसा घातला. गादी अजून कोमट होती, आणि या वेळी मी हात काढून घेतला नाही, पूर्ण बसले. खिडकी उजवीकडे आली. इतक्या दिवसांत मी आमची खोली या बाजूनं पाहिलीच नव्हती. इथून सगळं दिसत होतं, मुठूची सुटलेली वेणी, आतलं दार, आणि समोर माझी खुर्ची, तिच्या पाठीवर टाकलेली माझी ओढणी. मी कापड घेतलं, आखलं. उलटी कात्री उचलली. ती उजव्या हातात घेणारच होते, पण हात तिकडे गेलाच नाही. डाव्या हाताची बोटं कड्यांमध्ये गेली, आणि पाती चावली नाहीत, कापत गेली. एका दमात, गळ्याच्या गोलाईवरूनसुद्धा. मग सुई. सावली कुठेच नव्हती. पांढऱ्यावर पांढरा दोरा मला प्रत्येक टाक्याला दिसत होता. खांदा भरून आला, पण तो भरून येणं ओळखीचं होतं, दिवसभर काही न टेकवता धरून ठेवल्यासारखं. कापडावर एक थेंब पडला, बंदाच्या जरा वर, आणि पसरला. मी शिवत राहिले. स्टुलावरून कागदावर पेन चालल्याचा आवाज येत होता.

रिळांची आगगाडी थांबली. मुठू उठली होती. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली, मान वाकडी करून खालून माझ्या चेहऱ्याकडे बघत, जसं परक्या माणसाकडे मुलं बघतात, जरा लाजून, जरा कणवेनं. मी तिच्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. ती हसली नाही. टेबलाच्या पलीकडे वळली आणि माझ्या रिकाम्या खुर्चीला, जराही आवाज न चढवता, रोज विचारते तसं विचारलं, "आई, मावशी रडतेय. तिला पाणी देऊ?"

पेनचा आवाज थांबला. मी मान वर केली नाही. डाव्या हातातली सुई कापडात अर्धी होती, आणि मी ती तशीच धरून ठेवली, आणि ऐकत राहिले, सगळ्या अंगानं. समोरून काहीही ऐकू आलं नाही. ओढणीची सळसळसुद्धा नाही.

"बरं," मुठू म्हणाली, आणि आत पळाली. हळूहळू पावलं टाकत, सांडू नये म्हणून पेल्याकडेच बघत परत आली, आणि कुणीतरी सांगितल्यासारखा तो नेमका माझ्या डाव्या हाताशी ठेवला.